माझ्या गुडघ्यांचा खुलासा आणि माझ्या मेंढरांची व्यवस्था

मी, भैरू रामा कोळपे, वय सहासष्ट, राहणार भांडगाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कोणतेही नशापाणी न करता, माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. शाळा सातवीपर्यंत झाली आहे, त्यामुळे अक्षर वाचता येईल. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात 'धंदा' या शब्दापुढे जागा मोकळी होती. माझा मुलगा बिरदेव म्हणाला, "आबा, तिथं बागायतदार व उद्योजक लिवा." मी तो नमुना घडी घालून ठेवला आणि कोरा कागद घेतला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. माझे गुडघेही ठिकाणावर आहेत, आणि तिथूनच मला लाज वाटायला सुरुवात होते. म्हणून आधी घरादाराचे उरकून घेतो.

कलम १. पुणे-सोलापूर रस्त्यालगतचा बंगला माझी पत्नी बानूबाई हयात असेतोवर तिचा, आणि तिच्यामागे बिरदेवचा. खालच्या खोलीतला आरशाचा पलंग मात्र कायमचा बानूबाईचा. मी त्याच्यावर कधी नीट झोपलो नाही. त्या गादीत माणूस आत जातो तो वर येत नाही. मी गच्चीवर घोंगडी टाकून झोपतो आणि सकाळी सूनबाई उठायच्या आत खाली येतो, म्हणजे घरात कोणाला कळत नाही.

कलम २. कालव्याखालची ऊस असलेली जमीन बिरदेवची. बिरदेव हा माझा एकुलता एक मुलगा आहे, तेव्हा इथे वाद होण्याचे कारण नाही.

कलम ३. 'बी. आर. कोळपे लॉन्स व मंगल कार्यालय' कागदोपत्री माझ्या नावावर आहे. ते उभे केले बिरदेवने, नाव दिले माझे. त्या जागेवर पूर्वी आमची वाघर लागायची, म्हणजे रात्री मेंढरे कोंडायची जाळी. आता तिथे हिरवळ आहे आणि तिच्यावर कोणी चरायचे नाही. दारात माझा फेटा बांधलेला फोटो लावलेला आहे. लग्नाच्या तिथीला मी दारातल्या नक्षीच्या खुर्चीत बसायचे आणि येणाऱ्याला हात जोडायचे. ओळखीचे असोत नसोत, सगळे म्हणतात, शेठ, तुम्ही आयुष्याचं सोनं केलंत. मी हो म्हणतो. त्या वेळी माझे लक्ष रस्त्यापलीकडच्या हरभरा निघालेल्या रानाकडे असते आणि तिथे अजून कोणाची मेंढरे कशी उतरली नाहीत, असे मनात येत असते. लॉन्स बिरदेवला मिळावे. त्याला एक अट आहे, ती कलम सहामध्ये.

कलम ४. आमचे व्याही हौसराव यांना माझा पांढरा सफारी, गुलाबी फेटा आणि वर लिहिलेली नक्षीची खुर्ची द्यावी. त्यांना ती शोभेल. रागाने देत आहे, आणि ते त्यांना कळावे म्हणूनच लिहिले आहे.

राग कसला ते सांगतो. सन १९९३ साली बिरदेवच्या लग्नाची बोलणी चालली होती. हौसराव आमच्याच जातीचे, पण त्यांच्या घरातली मेंढरे त्यांच्या आजाच्या काळातच गेलेली. आमच्या अंगणात ते नाकाला रुमाल लावून बसले आणि म्हणाले, "भैरूआबा, पोरगी द्यायला आमची ना न्हाई. पण मेंढरामागं हिंडणाऱ्याच्या घरात न्हाई द्यायची. आधी मेंढरं मोडा."

मी मेंढरे विकली. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. बिरोबाच्या देवळात नेऊन त्यांनी मला भंडारा उचलायला लावला. देवाची हळद मुठीत घेऊन शपथ घ्यायची, की पुन्हा काठी हातात धरणार नाही. भंडारा उचलून शब्द मोडणारा माणूस आमच्यात तोंड दाखवू शकत नाही. मी उचलला. सून गुणाची मिळाली, याबद्दल हौसरावांचे उपकार आहेत आणि तेही याच कलमात नोंदवतो. खुर्ची तरीही त्यांनाच द्यावी.

कलम ५. आता खुलासा.

दरवर्षी दिवाळी झाली की मी गुडघ्यांच्या उपचारासाठी शिरूरला जातो आणि शिमग्याच्या सुमाराला परत येतो, हे घरात आणि गावात सर्वांना माहीत आहे. शिरूरला एक वैद्य आहेत, ते रोग्याला ठेवून घेऊन तेल लावतात, असे मी सांगितले होते. असे वैद्य नाहीत. परत आल्यावर मी जिना भराभर चढतो, ते पाहून गावातल्या दोघातिघांनी माझ्याकडे वैद्यांचा पत्ता मागितला. मी त्यांना उडवाउडवीची उत्तरे दिली. त्यांची मी इथे माफी मागतो, त्यांचे गुडघे खरोखर दुखत होते.

मी असतो न्हावऱ्याच्या गेणबाच्या मेंढरामागे. गेणबा ठोंबरे माझ्या आत्याच्या घरातला, माझ्याच वयाचा. त्याची मेंढरे शिरूर तालुक्यातून चरत चरत घोडनदी सोडून भीमेकडे येतात आणि भीमा ओलांडून दौंडच्या रानात उतरतात. पीक निघालेल्या वावरात रात्री मेंढरे बसवायची, शेतकऱ्याला खत मिळते, आपल्याला धान्य मिळते. मी तिथे गड्याचे काम करतो. पाणी आणतो, वाघर लावतो, मागे राहिलेली पिल्ले उचलून आणतो.

काठी मात्र मी धरत नाही. शपथ काठीची होती, मेंढरांची नव्हती, असा मी अर्थ काढला. देवाला तो पटला की नाही ते आता लवकरच समोरासमोर कळेल. मी रिकाम्या हाताने, नुसत्या तोंडाने मेंढरे वळवतो. पहिल्या वर्षी गेणबा हसून हसून बांधावर बसला. म्हणाला, "भैरू, मेंढरं हाकतुयास का त्यास्नी भाषण देतुयास?"

आता जे लिहितो ते लिहिताना कान गरम होतात. लोक मला यशस्वी माणूस म्हणतात आणि त्याच्या खुणा म्हणून बंगला आणि लॉन्स दाखवतात. मला स्वतःला जे साधले असे वाटते ते फार लहान आहे, म्हणून चारचौघांत कधी बोललो नाही. एखाद्या मेंढीचे पिल्लू मरते, आणि त्याच कळपात एखादे पिल्लू आईवेगळे झालेले असते. मेंढी परके पिल्लू जवळ येऊ देत नाही, ढुसणी मारते. तिला ते घ्यायला लावणे गेणबाला जमत नाही, त्याच्या मुलांनाही जमत नाही. मला जमते. मेलेल्या पिल्लाचे कातडे या पिल्लाच्या पाठीवर बांधायचे, तिचेच दूध बोटाने त्याच्या शेपटीला चोळायचे, आणि मग गुपचूप शेजारी बसून राहायचे. कधीतरी ती हुंगते आणि बाजूला न होता उभी राहते. पिल्लू लुचायला लागते. त्या वेळी माझ्या मनाला जे होते ते बंगल्याच्या वास्तुशांतीला झाले नाही आणि लॉन्सच्या उद्घाटनालाही झाले नाही. बिरदेवच्या लग्नात थोडेसे झाले होते. माझ्या हिशेबी मी आयुष्यात हे एक काम चांगले केले. एवढा मोठा शेठ आणि हे त्याचे कर्तृत्व, असे कोणाला हसू आले तर ते बरोबरच आहे, मलाही हे सांगायची लाज वाटतेच.

लपवले त्याचे कारण आणखी एक. खुटबावचे पोपटराव झगडे भाजीपाला आणि फुले पिकवतात. त्यांची मुलगी शितल हिचे लग्न आमच्याच लॉन्सवर झाले, दारात मीच त्यांना हात जोडले होते. पुढच्या हंगामात गेणबाची मेंढरे त्यांच्या वावरात बसली. सकाळी ते चहाची किटली घेऊन आले आणि मी घोंगडीतून तोंड बाहेर काढले.

"आवो शेठ! तुम्ही? हितं?"

मी काही बोलायच्या आत ते जवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगा, बिरदेवनं घराबाहेर काढलं व्हय?"

मी म्हणालो, न्हाई, मीच आलोय. त्यांना पटेना. "आसं कसं? बंगला सोडून मातीत कोण निजतंय?" ते गावातली चार जाणती माणसे घेऊन बिरदेवला जाब विचारायला निघाले होते. मी त्यांचे दोन्ही हात धरून थांबवले. तेव्हापासून पोपटराव कोणापाशी बोलले नाहीत, पण दरवर्षी त्यांच्या पत्नी सिंधूबाई माझ्यासाठी वेगळी भाकरी आणि पिठले पाठवतात, वर लोणी घालून. ते लोणी दयेचे आहे. मी खातो, आणि तिकडे ती बाई माझ्या मुलाच्या नावाने बोटे मोडत असणार हे मला माहीत असते.

म्हणून या मृत्युपत्राद्वारे मी प्रतिज्ञेवर जाहीर करतो की, मला कोणीही घराबाहेर काढलेले नाही. माझ्या मुलाने आणि सुनेने मला उपाशी ठेवलेले नाही, उलट बोललेले नाही. मला घरात सुख होते. मला दुसरे सुख हवे होते, आणि ते मागायची मला लाज वाटली.

गेणबाच्या कळपात उजव्या कानाला खाच असलेली जेवढी मेंढरे आहेत ती गड्याच्या मजुरीपोटी मिळालेली, माझी स्वकष्टार्जित आहेत. आकडा लिहीत नाही, कारण कागदाची शाई वाळेपर्यंत एखादी व्यायलेली असेल. ही सर्व मेंढरे मी बानूबाईला देत आहे. त्यांच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क चालणार नाही.

बानूबाईलाच का, तेही सांगतो. तिला मी शिरूरच्या वैद्यांचीच गोष्ट सांगितली होती. पहिल्या वर्षी परत आलो तेव्हा तिने माझा सदरा धुवायला घेतला, नाकाला लावला आणि विचारले, "दवाखान्यात मेंढरं बी ॲडमिट व्हत्यात व्हय?" मी घोंगडी उचलून गच्चीवर गेलो. तिने सदरा बादलीत बुडवला. त्यानंतर दरवर्षी ती माझ्या पिशवीत दोन घोंगड्या बांधायची. मला वाटायचे, थंडीसाठी बांधते. गेल्या दिवाळीनंतर निघताना मी म्हणालो, एकच पुरे, ओझं होतं. ती म्हणाली, "एक माझी व्हती. इतकी वर्सं बांधतीया. तुम्ही कवा इचारलंच न्हाई."

लग्नानंतर ती माझ्याबरोबर मेंढरामागे हिंडलेली आहे. कालव्याकाठी, पालात, तिने दिवस काढले आहेत. माझ्या मनात जी ओढ होती ती तिच्या मनात असेल, हे मला इतक्या वर्षांत सुचले नाही. या एका गोष्टीची मला जितकी लाज वाटते तितकी वैद्यांच्या खोट्या गोष्टीची वाटत नाही.

कलम ६. (हे कलम मी नंतर रेघ मारून खोडले आहे, पण वाचता येईल असे ठेवले आहे. वकीलसाहेब म्हणाले, दुसऱ्या कागदावर लिहा. मी लिहिणार नाही.)

दोन वर्षांपूर्वी कासुर्डीजवळ आम्ही मोठा रस्ता ओलांडत होतो. भांडगावात ओळखीची माणसे, म्हणून मी गेणबाला नेहमी कासुर्डीवरून, उजाडायच्या आत न्यायला लावतो. त्या दिवशी उशीर झाला. गाड्या थांबल्या आणि पुढच्या गाडीतून आवाज आला, "ए बाबा, हटव की ती मेंढरं! मानसांस्नी कामं हायती!" आवाज बिरदेवचा होता. गाडीत त्याच्याबरोबर बाहेरगावची माणसे होती. मी घोंगडी तोंडावर ओढली आणि पाठ फिरवली. तेवढ्यात एक मेंढी हॉर्नला बिचकून माझ्या पायाला येऊन चिकटली. तिला परके पिल्लू मीच लावून दिले होते. ती माझी नव्हेच असे दाखवायला मी तिला लाथेने ढकलली. बिरदेवने मला ओळखले नाही. गाडी पुढे गेली.

सबब अट अशी की, लॉन्सचा ताबा घेण्यापूर्वी बिरदेवने ही मेंढरे एकदा भांडगावच्या चौकातून, दिवसाउजेडी, उघड्या तोंडाने रस्ता ओलांडून न्यावीत आणि बानूबाईच्या स्वाधीन करावीत. न नेल्यास लॉन्स बिरोबाच्या देवस्थानाला जाईल.

(खोडलेले कलम इथे संपले.)

या कागदासाठी यंदा मी मध्येच घरी आलो होतो, तेव्हा हे कलम बानूबाईला वाचून दाखवले. ती शेंगा फोडत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजी तुम्ही तोंड झाकायचं, आन् पोरानं उघडं ठेवायचं व्हय? तेबी तुम्ही मेल्यावर?" एवढे बोलून ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. मी त्याच रात्री कलम खोडले आणि सकाळी बानूबाईला बरोबर घेऊन गेणबाकडे गेलो. त्याचा मुक्काम तेव्हा खुटबावलाच होता.

कलम ७. ही मिळकतीची व्यवस्था नाही. जे घडले त्याची नोंद आहे, आणि ती याच कागदावर राहावी अशी माझी इच्छा आहे.

परवा आम्ही मेंढरे भांडगावावरून आणली. गेणबा वाटेत तीनतीनदा म्हणत होता, "आरं, कासुर्डीवरनं जाऊ की. हितं आज लगीन हाय, तुझंच पावणं असत्याल." मी म्हणालो, असू दे. बानूबाई पदर खोचून मागून येत होती, काखेत एक लंगडे पिल्लू. तिने हातातल्या सोन्याच्या पाटल्याही काढल्या नव्हत्या.

लॉन्सच्या दारात सनई चालली होती. वर माझा फोटो, खाली माझ्या खुर्चीशेजारी फेटा बांधून बिरदेव पाहुण्यांना आत सोडत होता. हौसरावही होते. मी पुढे, मागे मेंढरे. लोक बघायला लागले तसा माझा हात आपोआप घोंगडीच्या टोकाकडे गेला. मी तो खाली आणला. पुन्हा गेला, पुन्हा आणला. मोठेपणा सांगत नाही, या वेळी गुडघ्यांनी खरोखर दगा दिला.

रस्ता चौपदरी झाल्यापासून मेंढरे दुभाजकापाशी अडतात. निम्मी पलीकडे गेली, निम्मी मध्येच उभी राहिली. काठी नाही, आणि ट्रकच्या हॉर्नपुढे माझे ओरडणे कोणाला ऐकू जाणार? गेणबा पलीकडे. एक टँकर वेगात येत होता. तेवढ्यात फेट्यासकट कोणीतरी पळत रस्त्यात उतरले आणि दोन्ही हात वर करून टँकरपुढे उभे राहिले. तो बिरदेव होता.

टँकर थांबला. मागे गाड्यांची रांग लागली. एका गाडीतून लग्नालाच आलेले कोणी साहेब डोकावून म्हणाले, "काय बिरदेवशेठ, कुणाची ही मेंढरं?"

बिरदेव काहीतरी पुटपुटला. साहेबांना ऐकू गेले नाही. "काय म्हणालात?"

"आमच्या आबांची हायती!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की सनईवाला थांबला. "आमची हायती! जरा दम काढा!"

शेवटचे पिल्लू पलीकडे जाईपर्यंत तो हात वर करून उभा राहिला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. त्याची मान फेट्याखाली लालबुंद झाली होती. त्याला लाज वाटत होती, ती मान माझ्याच घराण्याची आहे, मला ती कळते. लाज वाटत होती आणि तो हलला नाही. मी आयुष्यभर लाज वाटली की हललो आहे.

संध्याकाळी लग्न आटोपल्यावर तो रानात आला. त्याच्या आईने तोवर तीन दगडांची चूल मांडली होती. तो माझ्या शेजारी खाली बसला, नवीन विजारीला माती लागत होती तरी बसला. मी म्हणालो, बिरदेवा, तुझी आज चारचौघांत फजिती झाली. तो म्हणाला, "व्हय, झाली." मग चुलीत एक काटकी सारून म्हणाला, "आबा, कासुर्डीला त्या दिशी आवाज दिल्यावर म्या तुमास्नी वळाखलं व्हतं."

मी विचारले, मग?

"मंग काय? म्या दार उघडून खाली उतरत व्हतो. तुम्ही पाठ फिरवली. मला वाटलं, आबांस्नी मी नको हाय."

त्याच्या आईने त्याला ताटलीत भाकरी दिली. त्याने ती खाल्ली, पाणी प्यायला आणि अंधार पडायच्या आत घरी गेला. त्याला तिथे सांगायचे होते ते इथे लिहितो. लॉन्स बिरदेवला विनाअट देत आहे. तसेच कलम सहामधील 'बिरदेवने मला ओळखले नाही' हे वाक्य मी खोडलेले असले तरी ते तेवढ्याने भागणार नाही. ते वाक्य खोटे आहे. त्याच्या जागी असे वाचावे: माझा मुलगा गाडीतून उतरत होता, आणि मी त्याला ओळख दाखवली नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, बानूबाईसमोर मोठ्याने वाचला आणि पुढील दोघांच्या देखत त्याखाली सही केली. दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर आपली निशाणी केली.

लिहून ठेवणार:
(सही) भैरू रामा कोळपे

साक्षीदार:
१. गेणबा ठोंबरे, राहणार न्हावरे, तालुका शिरूर. (डाव्या हाताचा अंगठा)
२. (सही) पोपटराव झगडे, राहणार खुटबाव, तालुका दौंड.

ठिकाण: भांडगावच्या शिवारात, मेंढरांच्या मुक्कामावर.
दिनांक: ११ फेब्रुवारी २००७